वेगवान इलेक्ट्रॉन: अडथळ्यापासून ठिणगीपर्यंत

तीव्र लेसर घन पदार्थावर पडला की पृष्ठभागाचा क्षणार्धात प्लाझ्मा होतो आणि त्यातले काही इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने आत घुसतात. हलकी अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, म्हणजे अणुसंमीलनाच्या, प्रयोगांत सुरुवातीला ते नकोसेच होते. 1977 मध्ये अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेला वीस शलाकांचा ‘शिवा’ लेसर अवरक्त होता. त्याच्या प्रकाशाने उसळलेले इलेक्ट्रॉन संमीलनाचे इंधन वेळेआधीच तापवत; मग ते हवे तितके दाबले जात नसे. म्हणून असे इलेक्ट्रॉन कमी उसळावेत यासाठी पुढच्या ‘नोव्हा’ लेसरात तरंगलांबी एक तृतीयांश करण्याची सोय आली.

1985 मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांनी लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी आकसायचा, अशी युक्ती काढली. या विषयातले खरे वळण हेच. तीव्रता अनेक पटींनी वाढली आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचले. 1994 मध्ये मॅक्स टबाक व सहकाऱ्यांनी याच इलेक्ट्रॉनांनी दाबलेले इंधन पेटवण्याची कल्पना मांडली. जुना अडथळा आता ठिणगी ठरणार होता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने या इलेक्ट्रॉन-प्रवाहांतून उपजणारी, लाखो गॉसची क्षणभंगुर चुंबकीय क्षेत्रे मोजली.