कोणी न आखलेला नकाशा

मीरा रोड आणि भाईंदर यांच्या दरम्यान लोकलच्या खिडकीतून मी गेली कित्येक वर्षे खाजणाकडे पाहत आलो आहे. गर्दीत जिथे उभे राहायला मिळेल तिथून जेवढे दिसते तेवढेच पाहणे. पण एक गोष्ट मनात रुतून बसली. इथल्या तिवरांच्या काही रांगा सरळ रेषेत जातात आणि मध्येच काटकोनात वळतात. झाड आपणहून काटकोनात उगवत नाही. मग ही आखणी कोणाची?

उत्तर शोधताना मी एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचलो, ते म्हणजे गोल्फच्या मैदानावर. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे जुने मैदान जगभर नमुना मानले जाते. पण ते मुळात कोणा एकाने आखलेले नाही. समुद्राच्या वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या खड्ड्यांत बसत, तिथले गवत झिजे, वारा वाळू उघडी करी आणि खेळाचे अडथळे तयार होत, असे तिथे परंपरेने सांगतात. १७६४ साली सुरुवातीच्या चार टप्प्यांचे दोन केले गेले. जाताना व येताना तेच टप्पे खेळायचे असल्याने २२चे १८ झाले आणि पुढे १८ हा आकडा साऱ्या जगाचा नियम झाला. आखीव मैदानेही स्थिर राहत नाहीत. गवत कापणारा कडेला चूक होऊ नये म्हणून यंत्र किंचित आतून फिरवतो. काही दशकांत हिरवळ आक्रसते. वाळूतून मारलेल्या प्रत्येक फटक्याबरोबर थोडी वाळू काठावर उडते आणि काठ उंचावत जातो. कोणी ठरवत नाही, तरी जमीन बदलते. हे वाचले आणि मला भाईंदरचे मिठागर आठवले.

मिठागर ही मात्र हेतुपुरस्सर केलेली रचना. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, मोठ्या तळ्यात कोंडायचे आणि उन्हाने आटत जाईल तसे एका उथळ वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे. समुद्राचे पाणी बोमे मापाने सुमारे ३ अंशांचे असते. ते २५ अंशांच्या आसपास पोहोचले की मीठ धरू लागते. त्याआधी जिप्सम खाली बसते. फार उशीर केला तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिसळतात. म्हणून वाफ्यांची उतरंड नेमकी लागते आणि तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. हे ज्ञान आगरी समाजाचे. ‘आगर’ या शब्दातच त्यांचे नाव आहे.

पण हेतू तिथेच संपतो. पावसाळ्याने खचलेला बांध दुरुस्त करायला माती लांबून आणत नाहीत. पायथ्याचाच चिखल काढून वर लिंपतात. वर्षानुवर्षे असे झाले की बांध रुंदावतो आणि शेजारचा चर खोल होतो. बांधाची पायवाट होते, चराची खाडी होते. ओळखीच्या एका वृद्ध आगरी काकांना मी विचारले, “काका, हे बांध कोणी आखले?” ते हसले. “आमी काय नकाशा काढून बांध घातलं नाय. पानी सांगल तसा बांध.”

आणखी दोन गोष्टींनी हा नकाशा घडवला. दोन्हींचा हेतू निराळाच होता. पहिली रेल्वे. १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली. भराव घातला तो गाडीसाठी. पण भरतीच्या पाण्याला तोही एक आडवा बांधच झाला. दुसरी गोष्ट मिठावरचा कर. १८९०च्या मुंबई मीठ कायद्यासारख्या कायद्यांनी सरकारची नजर मिठागरांवर घट्ट बसवली. १९४७मध्ये कर गेला. पण राज्यघटनेच्या केंद्रसूचीत मीठ राहिले. त्यामुळे मिठागरांच्या जमिनींवर केंद्र, राज्य आणि शिलोत्रीदार यांचे दावे एकमेकांत गुंतत गेले. ज्या जमिनीचा मालकच ठरत नाही, तिच्यावर इमारत सहजी उभी राहत नाही. महसूल राखण्यासाठी केलेल्या व्यवस्थेने नकळत मोकळी जागा राखली.

शहर मात्र थांबले नाही. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांच्या वर गेली. मीठ पिकवणे परवडेनासे होत गेले आणि एकेक आगर ओस पडले.

ओस पडलेल्या आगरात काय होते? उघाडी कुजते, बांधाला भगदाड पडते, भरती आत शिरते. तिच्याबरोबर तिवराची फळे तरंगत येतात. वाफ्याच्या तळात खारटपणा फार असतो. बांधाचा ढासळलेला उतार मात्र रोपाला हवा तितकाच उंच, हवा तितकाच ओला. म्हणून तिवर आधी बांधाच्या कडेने उभे राहते. लोकलमधून दिसणारे काटकोन म्हणजे आगऱ्यांनी तुडवलेल्या चिखलाची झाडांनी घेतलेली नोंद आहे.

इथे इतिहास संपून प्रश्न सुरू होतो. २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांनी मीठ उत्पादनासाठी माणसाने केलेल्या जागा व्याख्येतूनच वगळल्या. उलट, कांदळवनाला किनारा नियमन कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ व २०१८चे आदेश यांचे संरक्षण आहे. म्हणजे तीच जमीन राबती असेल तर पाणथळ नाही आणि टाकून दिली, तिवर उगवले, की जपण्याजोगी! शेकाट्याला हा फरक कळत नाही; त्याला उथळ पाणी हवे. पावसालाही कळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असे पाणी पसरायला सखल मोकळी जागा किती लागते ते साऱ्या मुंबईने पाहिले. ही जागा नैसर्गिक की मानवनिर्मित, हे पाणी विचारत नाही.

आपल्या कायद्याला दोनच खाने ठाऊक आहेत: निसर्गाने केलेले आणि माणसाने केलेले. भाईंदरचे खाजण तिसऱ्या खान्यातले आहे. अनेकांनी अनेक कारणांनी हात लावला आणि कोणाच्याच मनात नव्हते असे काही घडले. अशा जागेची किंमत तिच्या मूळ हेतूवरून ठरवायची की आज ती करत असलेल्या कामावरून? माझे मत दुसऱ्या बाजूला आहे. आणि ते काम मोजताना, ज्यांच्या पायांनी हा तळ तुडवला त्यांचे नावही त्या नोंदीत यायला हवे.

पुढच्या वेळी लोकलने जाल, तेव्हा त्या रांगा जरूर पाहा. काटकोन दिसला, तर समजा, तिथे कधीकाळी मीठ पिकत होते.