तिकिटावरची तारामती

३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तेव्हा तारामतीचं लुगडं साळुंके नावाच्या पुरुषानं नेसलं होतं. सिनेमात यायला बायका तयारच होत नव्हत्या. १९२० साली आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’साठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. पुढं १९३२ मध्ये, तेव्हा इथंच असलेल्या ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या.

सिनेमाच्या शंभरीला, ३ मे २०१३ रोजी, टपाल खात्यानं पन्नास कलावंतांची तिकिटं काढली. तेलुगू-तमिळ पडद्यावरच्या भानुमतींबरोबर त्यांत दुर्गाबाईही आहेत. हा मान त्यांचाच. पण त्यांच्या बारा वर्षं आधी उंबरा ओलांडणाऱ्या त्या दोघींचं तिकीट नाही. निदान कोल्हापूरनं तरी त्यांची नावं विसरू नयेत.