सोनेगांवची मध्यरात्र

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस, वर्धा रस्त्याला लागून, सीताबर्डीपासून सुमारें पांच मैलांवर सोनेगांवचा विमानतळ आहे. १९४९ सालीं या विमानतळावर खरी वर्दळ सुरू होई ती मध्यरात्रीच्या सुमारास. शहर निजलेलें असे, रस्त्यावर एखादा टांगा दिसला तर दिसे, आणि अशा वेळीं चार दिशांनीं चार विमानांचे दिवे आकाशांत दिसूं लागत. एक मुंबईहून येई, एक दिल्लीहून, एक कलकत्त्याहून आणि एक मद्रासहून. लग्नघरीं चारी दिशांचे पाहुणे एकाच मुहूर्तावर उतरावे तशीं तीं उतरत. मुंबईच्या विमानांतील दिल्लीच्या थैल्या दिल्लीच्या विमानांत जात, दिल्लीच्या विमानांतील मद्रासच्या थैल्या मद्रासच्या विमानांत; आणि ही देवघेव संपली कीं प्रत्येक विमान तोंड फिरवून आपल्या गांवीं परत निघे. संध्याकाळीं मुंबईच्या पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांचलें जाई.

या व्यवस्थेचें कौतुक पुष्कळ झालें, आणि तें योग्यच होतें. एका मध्यवर्ती ठिकाणीं रात्रीं सर्व माल आणावयाचा, तेथें अदलाबदल करावयाची आणि पहाटे तो चहूंकडे न्यावयाचा, हीच कल्पना अमेरिकेंत फेडरल एक्सप्रेस या कंपनीनें १९७३ मध्यें मेंफिस शहरीं अंमलांत आणली व तीवर एवढा मोठा व्यवसाय उभारला. नागपूरनें ती २४ वर्षें आधीं करून दाखविली होती. परंतु त्या विमानांच्या पुढच्या भागांत, उजवीकडच्या आसनावर बसून जे तरुण रात्रीमागून रात्री नागपूरपर्यंत येत आणि परत जात, त्यांच्याविषयीं फारसें कोणी बोललें नाहीं. पत्रावर टपालखात्याचा शिक्का असे. ज्यानें तें आणलें त्याची खूण त्यावर नसे.

नागपूरची निवड भूगोलानेंच केली होती. तेथून मुंबई सुमारें ४३० मैल, दिल्ली ५३०, मद्रास ५६५ आणि कलकत्ता ६००. त्या वेळचें डाकोटा विमान हें अंतर तीन ते चार तासांत काटी. रात्रीं नऊ-दहाला निघावें, एकच्या सुमारास नागपूर गांठावें आणि उजाडतां उजाडतां घरीं परतावें, असें हें गणित कागदावर चोख जमत होतें. तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किदवई यांनीं तें मनावर घेतलें. ३० जानेवारी १९४९ रोजीं, म्हणजे गांधीजींच्या हत्येला बरोबर एक वर्ष झालें त्या दिवशीं, ही रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून साधीं पत्रेंहि निराळा अधिभार न घेतां विमानानें नेण्याची योजना अंमलांत आली, आणि थैल्यांचें वजन वाढलें.

जहांगीर रतनजी टाटा यांचा या सेवेला विरोध होता. हा विरोध टपालाला नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपालाचें पहिलें टाटा-विमान स्वतः चालवीत आणणारा मनुष्य टपालाचा वैरी कसा असेल? त्यांचा आक्षेप असा कीं, रात्रींच्या उड्डाणाला लागणारी सामग्री देशांत अद्याप सिद्ध नाहीं, आणि ती नसतां ही सेवा चालविणें धोक्याचें व आंतबट्ट्याचें आहे. अमेरिकेंत १९२४ सालीं रात्रीची टपाल नियमितपणें सुरू झाली तेव्हां शिकागो ते शायेनपर्यंतच्या मार्गावर फिरते दीपस्तंभ उभारलेले होते. तेथें दिवे आधीं लागले आणि विमानें मागाहून उडालीं. येथें विमानें आधीं उडालीं. किदवईंचें म्हणणें असें कीं, सर्व सिद्धता होईपर्यंत थांबलें तर गरीब देशांत कोणतीच गोष्ट सुरू व्हावयाची नाहीं. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य होतें. मात्र या वादांत ज्याच्या जिवाचा प्रश्न होता त्याचें मत कोणी विचारल्याचें दिसत नाहीं.

हें काम प्रथम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स या नव्या कंपनीनें घेतलें. कांहीं महिन्यांतच तिला तें सोडावें लागलें. ऑक्टोबर १९४९ मध्यें हिमालयन एव्हिएशननें तें पुन्हां चालू केलें, आणि पुढें हैदराबादची डेक्कन एअरवेजहि त्यांत आली.

आतां असे प्रतिकूल काम पत्करण्यास तरुण वैमानिक तयार कां होत, हें समजण्यासाठीं युद्धोत्तर काळाकडे पाहिलें पाहिजे. महायुद्ध संपलें तेव्हां अमेरिकन सैन्याचीं शेंकडों डाकोटा विमानें हिंदुस्थानांत पडून होतीं. तीं स्वस्तांत मिळाल्यामुळें ज्याच्यापाशीं थोडें भांडवल होतें त्यानें विमानकंपनी काढली. विमानें आलीं तशी वैमानिकांचीहि भरती झाली. कांहीं हवाईदलांतून मोकळे झालेले, कांहीं फ्लाइंग क्लबांत घरचे पैसे खर्चून शिकलेले. मग प्रवासी पुरेनात. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति गणपत सखाराम राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९५० सालीं अहवाल दिला, त्यांत कंपन्यांची संख्या गरजेपेक्षां फार अधिक असून देशाला चार पुरेत असा अभिप्राय होता. अहवालांतील हें एक वाक्य कंपन्यांना उद्देशून होतें. परंतु ज्या तरुणाच्या वडिलांनीं कर्ज काढून त्याला परवाना मिळवून दिला होता, त्यानें तें आपल्याविषयींचें म्हणूनच वांचलें असलें पाहिजे.

कारण कनिष्ठ वैमानिकाचें सारें भवितव्य एका वहींत असे. तिला उड्डाणवही म्हणतात. किती तास उड्डाण केलें, त्यांपैकीं रात्रीचे किती, हें तींत नोंदलें जातें. हे तास पुरेसे झाल्याशिवाय उजवीकडच्या आसनावरून डावीकडच्या, म्हणजे कप्तानाच्या, आसनावर जातां येत नाहीं. रात्रीची टपाल म्हणजे या तासांची खाण होती. एका रात्रींत सहा-सात तास वहींत पडत, आणि तेहि रात्रीचे. दिवसाच्या मार्गांवर ज्येष्ठ मंडळी होती. नवख्याच्या वांट्याला रात्रच येई, आणि ती नाकारणें त्याला परवडत नसे. कांहींना तर तास असूनहि पुढची वाट बंद होती. प्रेम माथुर यांना आठ कंपन्यांनीं नकार दिल्यावर डेक्कन एअरवेजनें उजवीकडची जागा दिली. डावीकडची मात्र तेथेंहि मिळाली नाहीं.

उजवीकडची ती जागा सुखाची नव्हती. डाकोटाच्या दोन्ही यंत्रांची मिळून शक्ति २४०० अश्वबळांची, आणि त्यांची घरघर बसणाऱ्याच्या कानांपासून कांहीं फुटांवर. विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नाहीं. आठ-नऊ हजार फुटांवर थंडी बोचूं लागे. पावसाळ्यांत पुढच्या कांचेच्या फटींतून पाणी आंत ठिबके, आणि वैमानिक गुडघ्यांवर मेणकापड घेऊन बसत. ही डाकोटाची जगभर प्रसिद्ध असलेली खोड होती. चाकें वर घेणें, यंत्रांवर लक्ष ठेवणें, निघण्यापूर्वीं वजनाचा तक्ता तपासणें, हीं कामें सहवैमानिकाचीं. ढगांचा ठाव सांगणारें रडार विमानांत नव्हतें. दिशा कळावी म्हणून रेडिओचा एक कांटा असे; तो जमिनीवरील केंद्राकडे वळलेला राही. पण जवळपास वीज कडाडत असली कीं तो कांटा केंद्र सोडून विजेकडेच वळे. जून ते सप्टेंबरपर्यंत सातपुड्यावरून काळोखांत जातांना, जें टाळावयाचें त्याच दिशेला बोट दाखविणारा हा सोबती!

नागपूरला उतरल्यावर विश्रांति मिळे असेंहि नाहीं. चार विमानांपैकीं एकाला उशीर झाला कीं उरलेल्या तिघांना थांबणें प्राप्त. कलकत्त्याच्या वाटेवर वादळ असलें म्हणजे मुंबईचा वैमानिक सोनेगांवला चहा पीत ताटकळे. निजावें तर केव्हां हांक येईल याचा नेम नाहीं. जागावें तर पुढें पुन्हां तीन तास उडावयाचें आहे. उन्हाळ्यांत नागपूरची धांवपट्टी मध्यरात्रींहि तापलेली असे, आणि तापलेल्या विरळ हवेंत भरलेलें विमान जमीन लवकर सोडीत नाहीं. उजाडतां घरीं परतावें तों शेजाऱ्यांचा दिवस सुरू झालेला. दूधवाला, नळावरची भांडीं, शाळेला निघालेलीं मुलें यांच्या गोंगाटांत पडदे ओढून झोंपेची आराधना करावयाची. सणवार आणि लग्नकार्यें ज्या वेळीं होतात त्याच वेळीं नेमकी त्याची झोंप यावयाची.

येथें एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. साधीं पत्रें विमानानें जाऊं लागलीं त्याच दिवशीं, १ एप्रिल १९४९ रोजीं, १९४८ चा कारखान्यांचा कायदा अंमलांत आला. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या विणकऱ्याचे दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास त्यानें ठरवून दिले. तेथून थोड्या मैलांवर सोनेगांवला बसलेला तरुण मात्र कारखान्याचा कामगार नव्हता. तो 'साहेब' होता. टोपी, गणवेष आणि खांद्यावरची फीत यांमुळें त्याच्या थकव्याला कोणी कष्ट म्हणत नसे. विमान-नियमांमध्यें वैमानिकाला लागोपाठ ३० दिवसांत १२५ तासांहून अधिक उड्डाण करूं देऊं नये अशी मर्यादा घालण्यांत आली खरी, पण ती हवेंतील तासांची. ताटकळलेला वेळ आणि मोडलेली झोंप यांसाठीं उड्डाणवहींत रकाना नव्हता.

१ ऑगस्ट १९५३ पासून खाजगी कंपन्या जाऊन इंडियन एअरलाइन्स हें सरकारी महामंडळ आलें आणि रात्रीची टपाल त्याच्याकडे गेली. त्याच वर्षीं सोनेगांवला नवी इमारत तयार झाली; उपाहारगृह, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचें दुकान, सारें तींत होतें. टपालाबरोबर स्वस्त भाड्यानें उतारूहि जात, त्यांची गर्दी वाढली होती. आणि त्याच वर्षीं, १२ डिसेंबरच्या रात्रीं, नागपूरहून मद्रासला निघालेलें टपालाचें डाकोटा उड्डाणानंतर थोड्याच वेळांत कोसळलें. १० उतारू व ३ कर्मचारी मृत्युमुखीं पडले. चार कर्मचाऱ्यांपैकीं एकटा वैमानिक वांचला. या अपघाताचा दोष थकव्याला देणें योग्य होणार नाहीं. पण जुन्या विमानांत, भर रात्रीं, कांहीं बिघडल्यास सांवरण्यासाठीं हातीं केवळ क्षण असतात, आणि त्या क्षणीं मनुष्य किती जागा आहे यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें, हें वैमानिकांना नव्यानें सांगावें लागलें नसेल.

पुढें डाकोटांच्या जागीं मोठीं स्कायमास्टर विमानें आलीं. १९६४ पासून कॅरावेल हीं जेट विमानें धांवूं लागलीं, आणि संध्याकाळच्या वेगवान विमानानेंच टपाल पोहोंचूं लागल्यावर मध्यरात्रीच्या या मेळाव्याचें प्रयोजन कमी होत गेलें. सत्तरीच्या दशकांत तो थांबला. विमानतळाला २००५ सालीं डॉ. आंबेडकरांचें नांव मिळालें, आणि त्याच्याच शेजारीं मिहान नांवाचा मालवाहतुकीचा मोठा प्रकल्प आखला गेला. नकाशावरचा तोच मध्यबिंदु पुन्हां उपयोगी पडेल, अशी त्यामागची आशा होती.

झोंपेचा हिशेब मात्र फार उशिरां सुरू झाला. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं दाखविलें कीं, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याचे हात व मन मद्याचा बराचसा अंमल चढल्यासारखे चालतात. रात्रीं दोन ते सहा हा काळ शरीराच्या दृष्टीनें सर्वांत मंद, हेंहि सिद्ध झालें. सोनेगांवहून परत निघण्याची वेळ नेमकी तीच असे. जानेवारी २०२४ मध्यें भारताच्या नागरी विमान-महासंचालनालयानें नियम बदलले. आठवड्याची सलग विश्रांति ३६ तासांवरून ४८ तास झाली, 'रात्र' पहाटे पांचऐवजीं सहापर्यंत धरली गेली, आणि रात्रींच्या पाळींत सहाऐवजीं दोनच वेळां विमान उतरवावें असें ठरलें. या अंमलबजावणीचे दिवस पुढें गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्यें वैमानिक पुरेनात म्हणून शेंकडों उड्डाणें रद्द झालीं व कांहीं सवलती द्याव्या लागल्या.

अमेरिकेंतहि २००९ च्या एका भीषण अपघातानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम २०११ मध्यें जाहीर झाले. ते उतारूंच्या विमानांना लागू झाले. मालाच्या विमानांना, म्हणजे जीं बहुतेक रात्रींच उडतात त्यांना, खर्चाचें कारण दाखवून त्यांतून वगळण्यांत आलें.