धर्म आणि वेष

वस्त्र लज्जारक्षणासाठीं आणि ऊनवाऱ्यापासून बचावासाठीं, असें आम्ही शिक्षक मुलांना सांगत आलों. इतिहास पाहिला म्हणजे मात्र दिसतें कीं, काय नेसावें आणि कसें नेसावें याविषयीं हवेपेक्षां धर्माचीच आज्ञा पुष्कळदां अधिक चालली आहे. या आज्ञांपैकीं कोणत्या टिकतात आणि कोणत्या गळून पडतात? उत्तरासाठीं फार दूर जावयास नको. डहाणूपासून तारापूर, बोईसर, पालघर करीत वसईपर्यंतचा आपला किनारा त्यासाठीं पुरेसा आहे.

प्रथम पारशी समाज घेऊं. इराण सोडून आलेले जरथुष्ट्री लोक डहाणूच्या उत्तरेस, आज गुजरातेंत असलेल्या संजाण बंदरीं स्थिरावले. नवसारीचे बहमन कैकोबाद यांनीं सुमारें १६०० सालीं फारसी पद्यांत लिहिलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’ या ग्रंथांत ही कथा आहे. तेथील जादी राणानें आश्रय देतांना अटी घातल्या : शस्त्रें खालीं ठेवावींत, देशभाषा बोलावी, आणि स्त्रियांनीं या देशाचा पोशाख करावा. कथेंत इतिहास किती, हा वाद पंडितांवर सोपवूं. तडजोड मात्र वेषांत स्पष्ट उमटली आहे. पारशी स्त्रियांनीं गुजराती वळणाची साडी आपलीशी केली. पण त्या साडीच्या आंत पांढऱ्या मलमलीचा सुद्रा आणि कमरेला कस्ती कायम राहिली. नवजोत विधींत मुलाला आणि मुलीला सारख्याच मानानें तीं दिलीं जातात. कस्ती लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली असते, कारण ‘यस्न’ या धर्मग्रंथाचे अध्यायही ७२. तिचे कमरेभोंवतीं तीन वेढे घेतात. सुद्र्याच्या गळ्यापाशीं एक इवलासा खिसा असतो. माणसानें त्यांत सत्कृत्यें सांठवावीं, असा त्याचा भाव. ज्यांच्या आडनांवांतच आपलें गांव आहे, त्या तारापोरवाला मंडळींचा धर्मही असाच अंगाशीं लागून राहिला आहे. बाहेरचें वस्त्र शेजाऱ्यांशीं केलेल्या सलोख्याचें, आंतलें देवाशीं केलेल्या कराराचें.

आतां वसईकडे वळूं. १५३४ च्या तहानें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि येथील अनेक कुटुंबें ख्रिस्ती झालीं. धर्म बदलला, तरी स्त्रियांचें लुगडें सुटलें नाहीं. नवा धर्म घेतलेल्याच्या अंगावर जुना वेष असेल तर मनही जुनेंच राहील, अशी धर्माधिकाऱ्यांना धास्ती असे. त्याच धास्तीपोटीं गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं हुकूम काढून ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली. पुढें तीनच वर्षांनीं, १७३९ सालीं, मराठ्यांनीं जानेवारींत तारापूर आणि मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखालीं वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली. ख्रिस्ती धर्म राहिला आणि लुगडेंही राहिलें. वसईंतील कांहीं वृद्ध ख्रिस्ती स्त्रियांच्या अंगावर तें अजूनही दिसतें. हुकुमानें भक्ति वाढत नाहीं, आणि लुगड्यानें ती कमीही होत नाहीं.

दुसऱ्यांचे दाखले देऊन आपण आपलें घर झांकून ठेवूं नये. आमच्या ब्राह्मण घरांत विधवेचें केशवपन करून तिला आलवण नेसवीत, आणि त्यालाही धर्माचेंच नांव होतें. सुद्रा घालणारा तो श्रद्धेनें घालतो. आलवण नेसणारीला कोणी विचारीत नव्हतें. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईंत शारदा सदन काढलें, १८९६ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम स्थापिला. तेथें विधवांच्या हातीं पुस्तक आलें, आणि आलवणाचा धाक हळूहळू ओसरला. तें गेलें म्हणून हिंदु धर्म बुडाला नाहीं.

या तीन दाखल्यांतून एकच गोष्ट मनांत ठसते. जें वस्त्र माणूस आपल्या श्रद्धेनें अंगावर घेतो, तें शतकें टिकतें, मग तें कोणाच्या दृष्टीस पडो वा न पडो. जें दुसरा त्याच्यावर लादतो, तें लादणाऱ्याचा जोर असेपर्यंतच टिकतें. आज बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या वाटेवर अनेक प्रांतांचे आणि अनेक धर्मांचे लोक एकत्र चालतात. त्यांच्या वेषावरून त्यांची परीक्षा करण्याचा मोह होईल, तेव्हां एवढेंच आठवावें कीं, श्रद्धेची खूण पुष्कळदां वरच्या वस्त्राच्या आंत असते. आणि वरचें वस्त्र त्या माणसानें स्वतः निवडलें आहे कीं नाहीं, हें आपल्याला ठाऊक नसतें.