दोन काचांमधली हळद

चपला घाला आणि मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालो आहोत तिथे तो चालणार नाही, आणि तुमचे दोन्ही हात मला मोकळे हवेत.

गाडी मीटरगेजची आहे. पूर्णा जंक्शनवरून हिंगोली, वाशीम करत अकोल्याकडे निघालेली. पुढे कोळशाचं इंजिन, त्यामुळे खिडकीच्या गजाला टेकलेला तुमचा तळवा आत्ताच काळा झालाय आणि पांढऱ्या सदऱ्यावर काजळीचे ठिपके पडलेत. डोळ्यात कण गेला असेल तर चोळू नका, पाण्याचा हबका मारा. उतरा, वसमत आलं. साल १९८२, महिना फाल्गुन, जिल्हा अजून परभणी. याहून जास्त लक्षात ठेवायची गरज नाही. इथून पुढे वासाच्या मागावर चालायचं.

आला ना वास? ओल्या मातीसारखा, थोडा आल्यासारखा, मागे घशाला लागणारा. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी कालव्यानं शिवारात आलंय, आणि या दिवसांत जिकडे पाहाल तिकडे हळद निघतेय. पुढे २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळणार आहे. पण ते इथे कोणाला सांगू नका, आत्ता सगळे घाईत आहेत.

ते पाहा, खांद्याला चामड्याची पेटी लटकवून उभे आहेत ते फोटोवाले मामा. गावात लग्नं, मुंजी, शाळेचे गट-फोटो, सगळं तेच काढतात. आज मात्र पेटीत वेगळा रोल आहे. मुंबईच्या एका छापखान्याला कॅलेंडरसाठी हळदीचं चित्र हवंय, आणि छापखाना कागदावरचा फोटो घेत नाही, त्याला स्लाइडच लागते. "पाव्हणं, पेटी धरा," मामा म्हणतात. धरा. आजचे मदतनीस तुम्हीच.

बांधावरून चालताना सांभाळा, ढेकळं टणक आहेत. आंब्याखाली चूल खणलीय आणि तिच्यावर माणूस आत बसेल एवढी कढई. वर ओली तरटं झाकलीत. खाली पऱ्हाट्या कडाकडा जळतायत. जवळ जाल तसा आधी नडगीला चटका लागतो, मग तोंडावर वाफ येते आणि चष्मा असेल तर तो पांढरा होतो. पलीकडे कालची शिजलेली हळद पसरलीय, पिवळीजर्द, अजून ओली. एक आक्का पदर खोचून उभी आहे. ती तरट बाजूला सारते, एक हळकुंड उचलते आणि त्यात काडी खुपसते. काडी आरपार गेली की शिजली. न गेली तर अजून एक भारा आत.

तुम्हीही एक हळकुंड उचललंत? आता ती बोटं आठवडाभर अशीच राहणार.

मामा पेटी उघडतात. आत यशिकामॅट, दोन डोळ्यांचा कॅमेरा, एकाखाली एक. वरचा डोळा बघायचा, खालचा काढायचा. छातीशी धरून वरून खाली बघायचं, विहिरीत डोकावल्यासारखं. बघा एकदा. दुधी काचेवर आक्का, कढई, वाफ, सगळं हलतंय, पण उजवं ते डावं दिसतंय. आक्का तुमच्या उजवीकडे सरकली की काचेवर ती डावीकडे जाते. पहिल्यांदा डोकं गरगरतं. मामांना तीस वर्षांत सवय झालीय, त्यांना सरळ बघितलं की चुकल्यासारखं होतं.

रोल एकशेवीसचा. त्याला डबी नसते. फिल्मच्या पाठीला कागद लावून रिळाभोवती गुंडाळलेली असते. म्हणून भरताना उन्हात नाही, तुमच्या सावलीत. पाठ करून उभे राहा. वर नाव आहे ओर्वो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावची फिल्म. या एका रोलवर बारा चित्रं, प्रत्येक सुमारे छप्पन्न मिलिमीटर चौरस. पस्तीस मिलिमीटरच्या चित्राच्या साडेतीन पट जागा. बारा म्हणजे बाराच. मामा एकेक चित्र काढण्याआधी इतका वेळ थांबतात की आक्का शेवटी वैतागून त्यांना विसरून जाते आणि कामाला लागते. नेमके तेव्हाच ते बटण दाबतात.

"अकरावर एकशेपंचवीस," ते पुटपुटतात. फिल्म पन्नास एएसएची, ऊन स्वच्छ, हिशेब तोंडपाठ. मग तेच चित्र पुन्हा, अर्धा स्टॉप मिटवून. साध्या फोटोत चूक झाली तर कागदावर छापताना सावरून घेता येते. इथे छपाईच नाही. उजेड जरा जास्त झाला की वाफ नुसती कोरी काच होते, आणि ती पुन्हा भरून येत नाही.

"आमाला फोटो कव्हा मिळायचा, मामा?" आक्का कपाळाचा घाम मनगटाने पुसत विचारते.

"हा हातात मिळत नसतो, आक्का. हा बघावा लागतो. परवा रात्री टॉकीजवर या."

चला, आता अंधारात. मामांचं घर, मागची खोली, खिडकीला काळं कापड. हायपोचा आंबूस वास, कोपऱ्यात माठ. हात धुवा. पुन्हा धुवा. हळद जाणार नाही, पण निदान कोरडे तरी करा. पहिल्या रसायनाचं पाणी पंचवीस अंशांवर हवं, आणि फाल्गुनातल्या वसमतला नळाचं पाणीसुद्धा रात्री त्याहून कोमट. म्हणून परातीत माठाचं पाणी ओतायचं, त्यात बाटल्या उभ्या करायच्या आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रंग कलतो. तुमचं काम एकच, पारा बघून "चढला", "उतरला" म्हणत राहायचं. घाम हनुवटीवरून परातीत टपकतोय, चालेल.

मग येतो मला सगळ्यात आवडणारा क्षण. पहिलं रसायन झालं, फिल्म धुतली, आणि मामा डबा सरळ उघडतात. तुम्ही ओरडाल, पण ओरडू नका. पाचशे वॅटचा बल्ब लावा आणि फिल्म त्याच्यासमोर फिरवा, दोन्ही बाजूंनी. शेतातल्या उन्हाने जिथे काम केलं तिथली चांदी आधीच काळी होऊन बसलीय. जी उरली तिला आता हा बल्ब उजेड दाखवतो, आणि पुढच्या रसायनात रंग धरतो तो या उरलेल्या चांदीभोवती. नंतर सगळीच चांदी धुऊन काढायची. तोवर पट्टी काळीकुट्ट, काही आहे असं वाटतच नाही. मामा बिडी पेटवत नाहीत, बोलत नाहीत. शेवटच्या पाण्यातून पट्टी बाहेर येते, दुधाळ, निथळणारी, आणि दोरीवर वाळता वाळता तिच्यातून आधी आंब्याची हिरवी सावली निघते, मग आक्काचं लुगडं, मग हळद.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायचीच आहे. ही नक्कल नव्हे. निगेटिव्हवरून छापलेला फोटो हा दुसऱ्या कागदावर दुसऱ्या दिवशी झालेला असतो. ही फिल्म मात्र स्वतः त्या बांधावर होती. कढईवरून निघालेला उजेड हिच्यावरच पडला, आणि परवा दिवा लागेल तो हिच्यातूनच पार जाईल. म्हणून ती हातात धरताना माझा हात आजही जपून चालतो.

बारातली दोन चांगली उतरलीत. एक उद्याच्या टपालाने मुंबईला. दुसरी आपली. सिनेमाच्या स्लाइडच्या, सव्वातीन इंच चौरस, दोन काचा घ्या. फुंकर मारून, मलमलीने पुसून. मध्ये चित्र, भोवती काळ्या कागदाची चौकट, आणि कडेने डिंकाची पट्टी. पट्टी जिभेने ओली करून दाबा. अंगठा नीट दाबा. बघा, पट्टीवर तुमच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. "असू द्या," मामा म्हणतात, "तीच खूण." चित्र हातात सरळ दिसतं तेव्हा खूण खालच्या डाव्या कोपऱ्यात असायला हवी. मशीनमध्ये घालताना स्लाइड उलटी करायची, म्हणजे तीच खूण वरच्या उजव्या कोपऱ्यात, घालणाऱ्याच्या अंगठ्याखाली येते.

परवाची रात्र. तंबूची टुरिंग टॉकीज. जनरेटरचा धडधडाट, भोंग्यावर गाणी, भाजलेल्या शेंगांची टरफलं पायाखाली, बिडीचा धूर. पुढे जमिनीवर पोरं, एका बाजूला बायका, मागे बाकं. घामाचा, खोबरेल तेलाचा, ताडपत्रीचा वास. तुम्ही मामांबरोबर मागच्या पत्र्याच्या खोलीत. इथली उष्णता कढईशेजारच्यापेक्षा कमी नाही. मामा या टॉकीजसाठी कापडदुकानाच्या, बियाण्यांच्या जाहिराती काचेवर रंगवून देतात, म्हणून स्लाइडचं मशीन मध्यंतरात त्यांच्या हाती असतं.

या धंद्याचं कूळ मोठं आहे. सिनेमा हिंदुस्थानात यायच्याही आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी मदनराव पितळ्यांच्या साथीने काचेवर हाताने चित्रं रंगवली, ती दिव्यासमोर धरून पडद्यावर हलवली, आणि खेळाला नाव दिलं शांबरिक खरोलिका. शंबर म्हणजे पुराणातला मायावी असुर. पडद्यावर रामायणातले प्रसंग आणि सोबतीला निवेदन. पुढे पटवर्धनांच्या मुलांनी तो खेळ गावोगाव नेला. तुमच्या हातातली ही काच त्यांच्याच घरातली धाकटी.

मध्यंतर! पोरांचा गिल्ला. पडद्यावर 'शांतता राखा', मग कापडदुकान, मग बियाणं. मामा डोळ्याने खुणावतात. सरकत्या चौकटीत स्लाइड तुम्ही घाला. दिव्याची धग बोटांना लागतेय म्हणून घाई करताय, आणि चौकट सरकवताय.

पडदा पिवळा होतो. तंबू क्षणभर गप्प. मग बायकांच्या बाजूने आवाज येतो, "अगं माय! मी काय डावखुरी हाय का?"

तंबूभर हशा. आक्काच्या डाव्या हातात काडी, कढई भलत्याच बाजूला. खूण अंगठ्याखाली नव्हती, तुम्ही काच पालटी घातलीत. काढा, फिरवा, पिवळा ठसा वर उजवीकडे. सरकवा.

आता बघा. चित्र बारा फूट चौरस, म्हणजे फिल्मच्या पासष्ट पट. मामांनी सतरा फुटांवरून काढलं होतं ते याच हिशेबाने. माणूस माणसाएवढाच दिसावा. फिल्मवर जेमतेम मिलिमीटरभर असलेलं हळकुंड पडद्यावर बोटाएवढं, तुम्ही उचललं होतं तेवढंच. वाफ पांढरी, पण तिच्यातूनही मागचा आंबा दिसतोय. कुणीतरी म्हणतं, वास येतोय बघ.

आक्का उठते. पोरांमधून वाट काढत पुढे जाते. पडदा जमिनीपासून हातभरच उंच आहे. ती स्वतःशेजारी उभी राहते, तिची सावली कढईवर पडते, आणि ती उजवा तळवा हळदीवर ठेवते. पडद्यावरचं पिवळं तिच्या हातावर येतं.

दिव्यापुढे फिल्म दहा मोजेपर्यंतच ठेवायची, नाहीतर काचांमध्ये वाफ धरते आणि रंगाला धक्का लागतो. तुम्ही मोजताय. आठ. नऊ. दहा. तुमचा हात चौकटीकडे जातो.

मामा मनगट धरतात. "अजून पाच राहू द्या, पाव्हणं."