गरोदरपणातलं नैराश्य सप्लिमेंट घेऊन बरं होतं का?

गरोदर बाई गप्प गप्प राहू लागली, तिला सारखं रडू येऊ लागलं की घरचे म्हणतात, 'अशक्तपणा असेल, टॉनिक सुरू कर.' मोबाईलवर ओमेगा-3च्या कॅप्सूल आणि प्रोटीन पावडरच्या जाहिराती दिसतच असतात. यातलं नेमकं काय गरजेचं आहे?

हे नैराश्य किती जणींना येतं?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार, जगभरात सुमारे 10 टक्के गरोदर महिलांना आणि 13 टक्के बाळंतिणींना मानसिक आजाराचा त्रास होतो. त्यात नैराश्याचं प्रमाण सर्वाधिक आहे. विकसनशील देशांत हे आकडे 15.6 आणि 19.8 टक्के आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, कशातच मन न रमणं, झोप उडणं, स्वतःला दोष देत राहणं ही त्याची लक्षणं आहेत. थकवा आणि भूक कमी होणं गरोदरपणात नेहमीचंच मानलं जातं, त्यामुळे हा आजार अनेकदा लक्षातच येत नाही.

कोणत्या गोळ्या गरजेच्या आहेत?

फॉलिक ॲसिड: बाळाच्या मेंदू आणि मणक्यातले जन्मजात दोष टाळण्यासाठी. गर्भधारणेआधीपासून पहिले तीन महिने रोज 400 मायक्रोग्रॅम.

लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी: 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक. यात 60 मिलिग्रॅम लोह असतं. गरोदरपणात किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतर 180 दिवस ती घ्यायची असते.

कॅल्शियम: साधारण 14व्या आठवड्यापासून. लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं. लोहाच्या गोळीनंतर लगेच चहाही टाळावा.

या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 52.2 टक्के गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घेणाऱ्या माता फक्त 26 टक्के होत्या.

मग यानं मनही सावरतं का?

रक्तक्षय, बी-12ची कमतरता किंवा थायरॉईडचा त्रास असेल तर थकवा येतो, मन खचल्यासारखं वाटतं. अशा वेळी कमतरता भरून काढल्यावर फरक पडू शकतो. म्हणून आधी रक्त तपासणं महत्त्वाचं. पण नैराश्याचं कारण दरवेळी रक्तात सापडत नाही. आधी येऊन गेलेलं नैराश्य, घरातली हिंसा, पैशांची ओढाताण, मुलगाच हवा हा दबाव यावर कोणतीही कॅप्सूल काम करत नाही.

ओमेगा-3चं काय?

ऑस्ट्रेलियात सुमारे 2,400 गरोदर महिलांवर मोठा अभ्यास झाला. एका गटाला रोज 800 मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे ओमेगा-3चा एक प्रकार, देण्यात आला. 2010 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत बाळंतपणानंतरच्या नैराश्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही.

मनाने गोळ्या घेतल्या तर?

'व्हिटॅमिन आहे, अपाय काय होणार?' हा समज चुकीचा आहे. व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. दोन-तीन उत्पादनं एकत्र घेतली की मात्रा नकळत वाढते. 'हर्बल' म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट इतर औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करतं. नैराश्याची औषधं आधीपासून सुरू असतील तर गरोदर राहिल्यावर ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांशी बोलावं.

मदत कुठे मिळेल?

तपासणीच्या वेळी वजन आणि बीपीसोबत मनाचा त्रासही डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंना सांगावा. समुपदेशन आणि गरज असल्यास गरोदरपणात देता येतील अशी औषधं, हे उपचार उपलब्ध आहेत. 'टेलिमानस'च्या 14416 या सरकारी हेल्पलाईनवर 24 तास मोफत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर तिला एकटं न सोडता लगेच रुग्णालयात न्यावं.