न वाचता केलेली सही : ट्रॅक डेचा शंभर वर्षांचा इतिहास

इयरफोन लावलेत ना? गाडी चालवत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजचा विषय गाड्यांचाच आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. दोन वर्षांपूर्वी एक मित्र त्याची नवी गाडी घेऊन दक्षिणेतल्या एका रेसट्रॅकवर निघाला होता. ट्रॅक डे होता. म्हणजे शर्यत नाही, बक्षीस नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी ट्रॅकवर हवी तशी पळवायची. मी त्याच्या शेजारी बसायला गेले होते. गेटवर एकाने पॅड पुढे केलं, त्यावर दोन पानी कागद होता. मी विचारलं, "काय आहे हे?" तो म्हणाला, "काही नाही मॅडम, फॉर्मॅलिटी." मी सही केली. एक ओळसुद्धा वाचली नाही.

चौथ्या फेरीत मित्र अचानक गप्प झाला. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल मऊ लागलं, खूप आत गेलं. गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. आम्हाला काही झालं नाही. पण त्या रात्री हॉटेलवर मला झोप लागेना, आणि मी शोधायला लागले की ही ट्रॅक डेची भानगड आली कुठून. आजचा भाग त्यातूनच तयार झालाय.

चला, १९०७ सालच्या इंग्लंडमध्ये. तिथे १९०३च्या कायद्याने रस्त्यावरची वेगमर्यादा होती ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. गाड्या त्याच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. मग ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने सरे परगण्यात, स्वतःच्या जमिनीवर, ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक बांधला. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातला पहिला ट्रॅक मानतात. काँक्रीटचा, पावणेतीन मैलांचा, आणि वळणं बाहेरच्या बाजूने जवळजवळ ३० फूट उचललेली. कल्पना साधी होती : रस्त्यावर जे करता येत नाही, ते इथे करा. आजही ट्रॅक डेला जाणारा प्रत्येकजण घरच्यांना हेच सांगतो ना? "अगं आई, रस्त्यावर नाही पळवत, ट्रॅकवर पळवतो. सेफ असतं."

पण ब्रुकलँड्सने पहिल्या काही वर्षांतच दाखवून दिलं की ट्रॅक म्हणजे सुरक्षितता नव्हे. पर्सी लँबर्ट हा एका तासात १०० मैलांहून जास्त अंतर कापणारा पहिला माणूस. तारीख १५ फेब्रुवारी १९१३, जागा ब्रुकलँड्स. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो विक्रम परत मिळवायला त्याच ट्रॅकवर उतरला. टायर फुटला आणि लँबर्ट गेला. समोरून कुणी येत नव्हतं, सिग्नल नव्हता, बैलगाडी आडवी आली नव्हती. ट्रॅक रस्त्यावरचे धोके काढून टाकतो, पण गाडीतले धोके गाडीतच राहतात.

आता जर्मनी. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली न्यूरबुर्गरिंग सुरू झाला. पैसे भरून कुणीही आपली गाडी त्यावर चालवावी, ही सोय अगदी सुरुवातीपासून. त्याचा उत्तरेकडचा भाग, नॉर्डश्लाइफं, आज सुमारे २०.८ किलोमीटरचा आहे आणि त्यावर सत्तरच्या वर वळणं आहेत. यूट्यूबवर तुम्ही जे आपटलेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघता, त्यातले बरेच तिथलेच. गंमत म्हणजे पर्यटकांसाठी तो खुला असतो तेव्हा तिथे रस्त्याचेच नियम लागतात. ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला बंदी, आणि कडेचं लोखंडी रेलिंग वाकवलंत तर त्याचं बिल तुमच्या नावावर.

याच ट्रॅकला 'हिरवा नरक' म्हणणारा जॅकी स्टुअर्ट. १९६६ साली बेल्जियममध्ये स्पा ट्रॅकवर पावसात त्याची गाडी बाहेर गेली. सुमारे २५ मिनिटं तो पेट्रोलने भिजलेल्या अवस्थेत आत अडकला होता. बाहेर काढलं ते दुसऱ्या ड्रायव्हरांनी, तेही एका प्रेक्षकाकडून पाना मागून घेऊन! त्यानंतर स्टुअर्टने वर्षानुवर्षं भांडून सीटबेल्ट, कडेचे अडथळे, डॉक्टर, मार्शल या गोष्टी शर्यतीत आणल्या. लोक त्याला भित्रा म्हणाले. १९७६ साली निकी लाउडा न्यूरबुर्गरिंगवर जळत्या गाडीत अडकला. त्यालाही सहकारी ड्रायव्हरांनीच बाहेर ओढलं. त्यानंतर फॉर्म्युला वन त्या जुन्या रस्त्यावर परत गेलीच नाही.

इथे जरा थांबा. व्यावसायिक ड्रायव्हर, जगातले सर्वोत्तम, तो ट्रॅक सोडून गेले. आणि हौशी लोक तिथे आजही जातात, घरच्या गाडीतून.

त्यात मधल्या काळात घरची गाडीच बदलली. आपल्याकडे आलेल्या पहिल्या मारुती ८००ची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही आत होती. आज चारशे-पाचशे हॉर्सपॉवरच्या गाड्या हप्त्यावर मिळतात. ताकद दहापट झाली, पण चालवणाऱ्याचा मेंदू तोच आहे.

यातून काय होऊ शकतं, ते २ जून २००५ला कॅलिफोर्नियात दिसलं. फोंटाना इथल्या ट्रॅकवर फेरारी मालकांच्या एका क्लबचा ट्रॅक डे होता. एका सदस्याने पोर्शं करेरा जीटी आणली होती. दहा सिलिंडर, सहाशेहून जास्त हॉर्सपॉवर, आणि घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नव्हतीच. शेजारी एक पाहुणा बसला होता. गाडी सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात असताना पिटमधून एक फेरारी हळूहळू ट्रॅकवर आली. पोर्शं चालवणाऱ्याने तिला चुकवायला गाडी वळवली, ताबा गेला, आणि गाडी काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. दोघंही गेले.

हिशोब करून बघा. समजा एक गाडी ताशी २१६ किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला ६० मीटर. पिटमधून निघालेली ताशी ७२ने, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दोघींत २०० मीटर अंतर असेल तर ते पाच सेकंदांत संपतं. त्यात पहिला सेकंद "अरे, ही कुठून आली?" यातच जातो. आणि वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला ब्रेकना चौपट ऊर्जा जिरवावी लागते.

पाहुण्याच्या पत्नीने दावा लावला. त्या पाहुण्यानेही गेटवर 'जोखीम माझी' असा कागद सही केलेला होता. तरी प्रकरण तिथे संपलं नाही. गाडी हाताळताना त्रास देते हे मालकाला आधी माहीत होतं, पण पाहुण्याला सांगितलं नव्हतं, हा एक मुद्दा. फेरारीला चुकीच्या वेळी ट्रॅकवर सोडलं, हा दुसरा. भिंत ट्रॅकच्या फार जवळ होती, हा तिसरा. २००७ साली सुमारे ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातला ४९ टक्के वाटा गाडी चालवणाऱ्याच्या मालमत्तेतून आला, ४१ टक्के ट्रॅक आणि क्लबकडून, ८ टक्के पोर्शंकडून आणि २ टक्के फेरारीच्या ड्रायव्हरकडून.

हे आकडे मला फार बोलके वाटतात. अपघात एका माणसाच्या 'ओव्हरस्पीडिंग'ने झाला, असं आपण पटकन म्हणतो. पण इथे जबाबदारी चार ठिकाणी वाटली गेली. सगळ्यात मोठा वाटा चालवणाऱ्याचा, आणि त्याच्या जवळपास तेवढाच व्यवस्थेचा. शेजारी बसलेल्याचा मात्र कशावरच ताबा नव्हता. हे वाचलं आणि मला ते पॅड आठवलं.

परत आल्यावर मित्राला विचारलं, "ब्रेक फ्लुइड कधी बदललं होतंस?" तो म्हणाला, "अगं, सर्व्हिसिंग झालंय की!" ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. जुनं झालं की लवकर उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं दबतं. शहरात हे कधी कळतच नाही. ट्रॅकवर चौथ्या फेरीत कळतं.

आणखी एक. आपल्याकडच्या गाडीच्या विम्यात संघटित शर्यत आणि स्पीड टेस्टिंग सहसा वगळलेलं असतं. पॉलिसीतली 'वापराच्या मर्यादा' ही ओळ जाण्याआधीच वाचा.

मी ट्रॅक डेला जाऊ नका म्हणत नाहीये. रस्त्यावर पळवण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. पण जाताना तीन प्रश्न विचारा. पिटमधून गाड्या कोण सोडतं आणि काय बघून सोडतं? वळणाबाहेर माती आहे की भिंत? रुग्णवाहिका ट्रॅकवर उभी आहे की फोन केल्यावर येणार? उत्तर 'फॉर्मॅलिटी' आलं, तर गाडी वळवा आणि मिसळ खाऊन घरी या.

आणि शेजारी कुणाला बसवणार असाल, तर गाडीची खोडी त्याला आधी सांगा. माझ्या मित्राला ती माहीतच नव्हती. कॅलिफोर्नियातल्या त्या मालकाला माहीत होती.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सावकाश चालवा, आणि सही करण्याआधी वाचा!